कुरआन खत्म झाल्यानंतर: मोबाइलच्या काळात किशोरवयीन मुलामुलींचा धर्मशिक्षण वर्ग कसा चालवावा

कोकणात काय किंवा घाटावर काय, मुस्लिम मोहल्ल्यात साधारण एकच क्रम दिसतो. पाच-सहा वर्षांचे मूल नूरानी कायदा हे अरबी अक्षरओळखीचे पुस्तक घेऊन मकतबात (मशिदीच्या प्राथमिक धर्मशाळेत) जाऊ लागते, दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत त्याचा नाजरा कुरआन (अर्थाविना, पाहून वाचणे) पूर्ण होतो, या खत्मच्या (समाप्तीच्या) दिवशी घरोघरी मिठाई जाते, आणि त्यानंतर मकतब सुटते ते कायमचे. पुढे आठवी-नववीच्या शिकवण्या सुरू होतात आणि नेमक्या त्याच वर्षा-दोन वर्षांत घरातला जुना मोबाइल मुलाच्या हाती येतो. म्हणजे ज्या वयात मुलावर नमाज-रोजा फर्ज (बंधनकारक) होतो, ज्या वयात ‘का’ हा प्रश्न पहिल्यांदा नीट पडतो, त्या वयात गावातले धर्मशिक्षण थांबलेले असते आणि धर्माविषयी बोलणारा एकमेव आवाज तीस सेकंदांच्या रीलमधून येत असतो. मुलाला अरबी अक्षरे वाचता येतात, दुआ पाठ असतात, परंतु त्यांचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो. तो अर्थ मग त्याला जो पहिला भेटेल तो सांगतो.

ही पोकळी भरण्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. आठवड्यातून एकदा भरणारा दीड तासाचा वर्ग पुरतो. रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावात मी काही वर्षे असा वर्ग चालवतो आहे. त्यात झालेल्या चुकांसह जे हाती लागले ते जमातीची (गावातल्या मुस्लिम समाजाची) कमिटी, इमामसाहेब, शिक्षक आणि पालक यांच्यासाठी येथे मांडत आहे. या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच आहे: मुलाला पडलेला प्रश्न त्याने मोबाइलला विचारण्याआधी, निदान विचारल्यानंतर तरी, एखाद्या जिवंत माणसाला विचारता यावा.

आधी भाषा ठरवावी

जुम्म्याचे (शुक्रवारच्या नमाजेचे) बयान, म्हणजे प्रवचन, बहुतेक ठिकाणी उर्दूत होते. कोकणातले मूल घरी कोकणी बोलते आणि शाळेत मराठी किंवा इंग्रजी. सोलापूर-सांगलीकडचे मूल दखनी बोलते, आणि त्याला बयानातली पुस्तकी उर्दू अर्धीच समजते. याची परीक्षा घेणे सोपे आहे. जुम्म्याची नमाज सुटल्यावर नववीतल्या तीन मुलांना मौलाना आज काय म्हणाले, असे विचारावे. मी विचारले तेव्हा तिघांनीही ‘नमाज पढा म्हणाले’ असे उत्तर दिले. ते उत्तर कोणत्याही शुक्रवारी बरोबर ठरण्याची शक्यता असल्यामुळे तिघेही निर्धास्त होते.

म्हणून वर्ग मुले ज्या भाषेत भांडतात त्या भाषेत घ्यावा. याचा अर्थ अरबी शब्द टाकून द्यावेत असा नाही. तक्वा, अमानत, इख्लास, गीबत हे शब्द मुलांच्या तोंडी असलेच पाहिजेत, मात्र प्रत्येक शब्दाला त्यांच्या रोजच्या जगण्यातला एक प्रसंग जोडून द्यावा. तक्वा म्हणजे काय, हे सांगताना तफसीरांमध्ये (कुरआनवरील भाष्यांत) काटेरी वाटेचा दाखला दिला जातो. आपल्याकडे करवंदीच्या जाळ्यांतून जाताना माणूस लुंगी आवरून, पाऊल बघून चालतो, तसे जगणे म्हणजे तक्वा, असे सांगितले की पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. अमानत शिकवताना शेजाऱ्याने ठेवायला दिलेल्या दागिन्यांचे जुने उदाहरण न देता, मैत्रिणीने विश्वासाने पाठवलेल्या संदेशाचा स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर टाकणे ही खियानत (विश्वासघात) आहे, असे म्हणून पाहावे. वर्गात एकदम शांतता पसरते, कारण हे निम्म्या मुलांनी केलेले असते आणि उरलेल्या निम्म्यांना भोगावे लागलेले असते.

जागा, वेळ आणि माणसे

एका वर्गात बारा ते पंधरा मुले असावीत आणि त्यांचे वय तेरा ते सतराच्या दरम्यान असावे. रविवारी सकाळची वेळ चुकूनही ठेवू नये, कारण त्या वेळी क्रिकेट असते आणि शिकवणी असते, आणि या दोन्हींपुढे आपला निभाव लागत नाही. आम्ही असरनंतर (दुपार उलटल्यावरच्या नमाजेनंतर) मगरिबपर्यंतचा (सूर्यास्ताच्या नमाजेपर्यंतचा) वेळ धरला आणि वर्ग संपताच नमाज आपोआप जमातीने, म्हणजे सर्वांनी मिळून, होऊ लागली. जागा मशिदीचीच हवी असे नाही. ज्या मशिदीत मुलींच्या बसण्याची सोय नाही तेथे शाळेची खोली किंवा एखाद्या घराची पडवी घ्यावी. जागेच्या अडचणीचे निमित्त करून मुलींना वर्गाबाहेर ठेवणे हा या कामातला सर्वांत सर्रास घडणारा आणि सर्वांत महागात पडणारा दोष आहे.

सगळा भार इमामसाहेबांवर टाकू नये. पाच वेळची नमाज, सकाळ-संध्याकाळचे मकतब, निकाह आणि मय्यत हे सारे एकटा माणूस बहुधा तुटपुंज्या पगारात पाहत असतो. मजकूर आणि मसले (धर्मनियमांचे प्रश्न) यांसाठी एक आलिम (धर्मपंडित), मोबाइलच्या जगाची माहिती असलेला महाविद्यालयीन वयाचा एक जण आणि मुलींना मोकळेपणाने बोलता येईल अशी एक आपा (शिकवणारी ताई), अशी तीन माणसे असली म्हणजे वर्ग तोलून धरता येतो. वर्गात कायम दोन प्रौढ असावेत, दार उघडे असावे, आणि शिकवणाऱ्याने कोणत्याही मुलाशी किंवा मुलीशी रात्री-अपरात्री खासगी संदेशांतून बोलू नये. जे काही कळवायचे ते पालकही ज्यात आहेत अशा ग्रुपवर कळवावे. हा नियम पहिल्याच दिवशी लेखी स्वरूपात कमिटीपुढे ठेवावा. कोणावर संशय आहे म्हणून तो केलेला नाही, हे एकदा सांगितले की पुरे.

मोबाइल जमा करण्याच्या भानगडीत पडू नये. मी सुरुवातीला दाराशी एक टोपली ठेवली होती. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आले की दोन मुले टोपलीत टाकण्यासाठी म्हणून घरातले बंद पडलेले फोन घेऊन येत होती. त्यानंतर टोपली गेली आणि फोन सगळ्यांसमोर चटईवर, कामापुरते वापरण्यासाठी आले.

चिठ्ठ्यांची पेटी

संपूर्ण वर्गाचा जीव या पेटीत आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. चपलांचे रिकामे खोके घ्यावे, झाकणाला चीर पाडावी आणि वर्ग सुटताना प्रत्येकाने एक चिठ्ठी आत टाकावी. प्रश्न नसेल त्याने नुसता सलाम लिहावा, पण चिठ्ठी सर्वांनी टाकावी, म्हणजे कोणी काय विचारले याचा माग लागत नाही. पेटी वर्गात उघडू नये. शिकवणाऱ्यांनी ती घरी नेऊन वाचावी आणि चिठ्ठ्यांचे तीन भाग करावेत: पुढच्या आठवड्यात वर्गातच उत्तर द्यावे असे प्रश्न, एखाद्या जाणत्या मुफ्तींना किंवा आलिमांना विचारून सांगावे असे प्रश्न, आणि ज्यांची वर्गात वाच्यता करता येणार नाही अशा चिठ्ठ्या.

पहिल्या भागातल्या एका चिठ्ठीचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा देतो: ‘रील बघताना मला रडू येते आणि तौबा करावीशी वाटते, पण सकाळी फजरला उठवत नाही. मी मुनाफिक आहे का?’ लिहिणाऱ्या मुलाने त्या आठवड्यात कुठेतरी मुनाफिकांच्या (वरवर ईमान दाखवणाऱ्या ढोंगी माणसांच्या) लक्षणांविषयीचा व्हिडिओ पाहिला असावा. अशा वेळी ‘छे, असे काही नसते’ म्हणून विषय संपवू नये. सहीह मुस्लिम या हदीसच्या (पैगंबरांच्या वचना-वर्तनाच्या नोंदींच्या) संग्रहात त्यांचे सोबती हंजला (रजि.) यांचा प्रसंग आहे. पैगंबरांच्या (स.) सहवासात असताना स्वर्ग-नरक डोळ्यांपुढे दिसावेत अशी मनाची अवस्था होते आणि घरी बायकामुलांत परतले की ती विरून जाते, म्हणून ‘हंजला मुनाफिक झाला’ असे म्हणत ते घराबाहेर पडले. वाटेत भेटलेल्या अबू बक्र (रजि.) यांनीही आपली तीच गत असल्याचे सांगितले, आणि दोघे पैगंबरांकडे गेले. तुमची अवस्था सदैव तशीच राहिली असती तर फरिश्त्यांनी वाटेत तुमच्याशी हस्तांदोलन केले असते, पण हंजला, ती घटका वेगळी आणि ही घटका वेगळी, असे उत्तर त्यांना मिळाले. ही हदीस सांगून झाल्यावर मी मुलांना एवढेच विचारले की, रीलमधल्या तीस सेकंदांच्या रडण्यावरून माणसाने आपल्या ईमानाचे मोजमाप करावे की नाही? पुढची वीस मिनिटे तीच बोलत राहिली.

दुसऱ्या प्रकारची चिठ्ठी शंकेची असते: अल्लाह आहे हे कशावरून, नशीब आधीच लिहिलेले असेल तर माझा गुन्हा काय, इतर धर्मांतल्या चांगल्या माणसांचे काय? इस्लाम सोडल्याचे सांगणाऱ्यांच्या वाहिन्यांचे व्हिडिओ मुलांपर्यंत पोहोचलेले असतात, हे गृहीत धरून चालावे. अशा चिठ्ठीवर शिकवणारा रागावला, तर तो मुलाने विचारलेला शेवटचा प्रश्न ठरतो. सहाबांपैकी (पैगंबरांच्या सोबत्यांपैकी) काहींनी, जे उच्चारणेही भयंकर वाटते असे विचार आमच्या मनात येतात, असे पैगंबरांना सांगितले होते, आणि त्या विचारांची वाटणारी धास्ती हेच उघड ईमान आहे, असे उत्तर त्यांना मिळाले होते. ही गोष्ट मुलांना माहीत असली पाहिजे. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ असे म्हणावे आणि खरोखर विचारून सांगावे. इमाम मालिक यांच्याविषयी असे सांगतात की दूरच्या प्रवासाहून आलेल्या माणसाच्या पुष्कळ प्रश्नांपैकी बहुतेकांना त्यांनी ‘मला माहीत नाही’ असेच उत्तर दिले. रीलवर असे म्हणणारा माणूस दिसत नाही, कारण ‘मला माहीत नाही’ हे वाक्य कोणी शेअर करत नाही. आपल्या वर्गाचा फायदा नेमका तेथे आहे.

तिसऱ्या भागातल्या चिठ्ठ्या थोड्या असतात, पण त्यांच्यासाठी तयारी आधीच करून ठेवावी. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार, घरातली मारहाण, कोणी केलेला गैरस्पर्श यांविषयी चिठ्ठी आली, तर ती जमातीच्या बैठकीत नेऊन तडजोडीने मिटवण्याचा प्रकार नाही. 18 वर्षांखालील मुलाच्या लैंगिक छळाची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा 1098 आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानसचा 14416 हे दोन्ही क्रमांक पेटीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत, म्हणजे ज्याला आपल्याला सांगायचे नाही त्याला ते तेथूनही दिसतील.

सनद तपासण्याचा सराव

मुलांना ‘सोशल मीडियावर विश्वास ठेवू नका’ असे सांगून उपयोग होत नाही. तपासायचे कसे ते शिकवावे लागते. सुदैवाने आपल्याच परंपरेत त्याचे पूर्ण शास्त्र तयार आहे. हदीस म्हणजे नुसता मजकूर नव्हे. हे कोणी कोणाकडून ऐकले ती सनद, सांगणारा रावी कसा होता याची चौकशी, आणि त्यावरून सहीह (अस्सल), हसन (स्वीकारार्ह), जईफ (कमकुवत) किंवा मौजू (बनावट) असा निवाडा, इतके सोपस्कार आपल्या उलमांनी (आलिमांनी) हजार-बाराशे वर्षांपूर्वी पार पाडले. फासिक (दुराचारी) माणसाने खबर आणली तर आधी शहानिशा करा, ही सूरह हुजुरातमधली आज्ञा (49:6) आणि ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, ही हदीस, या दोन्ही पहिल्याच महिन्यात पाठ करून घ्याव्यात.

मग प्रत्यक्ष सराव घ्यावा. रमजानच्या तोंडावर दरवर्षी एक संदेश फिरतो: जो रमजानच्या आगमनाची खबर सर्वांत आधी देईल त्याच्यावर जहन्नमची आग हराम होईल. मुलांना त्याची सनद शोधायला लावावी. ती सापडत नाही, कारण हदीसच्या प्रमाणित संग्रहांत असे काही नाही. ‘इल्म मिळवा, त्यासाठी चीनला जावे लागले तरी’ हे वाक्य तर आपण शाळांच्या भिंतींवर रंगवले आहे. मुहद्दिसांनी (हदीसच्या अभ्यासकांनी) त्याला जईफ, काहींनी तर मौजू म्हटले आहे. आपल्याला आवडणारे वाक्यसुद्धा तपासणीत नापास होऊ शकते, हा धडा मुलांइतकाच मोठ्यांनाही बोचतो. मदीनेतल्या शेख अहमद नावाच्या माणसाच्या स्वप्नाचा निरोप इतक्या जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल, हा संदेश आमच्या लहानपणी पोस्टकार्डावर यायचा आणि मी भीतीपोटी त्याच्या प्रती काढल्याही होत्या. आज तो व्हॉट्सॲपवर येतो, एवढाच काय तो फरक.

आकडे हीसुद्धा चांगली चाळणी आहे. कुरआनात 114 सूरह आहेत आणि सर्वांत मोठ्या सूरह बकरहमध्ये 286 आयती आहेत. तेव्हा एखाद्या चित्रावर ‘अल-बकरह, आयत 300’ असे छापलेले दिसले की पुढे वाचण्याची गरज उरत नाही. सहीह बुखारी या हदीससंग्रहाची आज सर्वाधिक वापरली जाणारी क्रमवारी 7563 वर संपते. त्यापुढचा क्रमांक दिसल्यास सावध व्हावे. हल्ली मुले थेट चॅटबॉटला मसला विचारतात आणि तो अत्यंत सफाईदार भाषेत, संदर्भ-क्रमांकासह, कधीकधी अस्तित्वातच नसलेली हदीस सांगतो. एकदा वर्गात सर्वांसमोर त्याला प्रश्न विचारावा आणि त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ मूळ ग्रंथात मुलांना शोधायला लावावा. या खेळाची मुलांना इतकी गोडी लागते की पुढे ती मौलानांचे संदर्भही तपासू लागतात. त्याचीही तयारी ठेवावी.

हात कोठे बांधावेत

कोकणी मुस्लिम परंपरेने शाफिई आहेत आणि महाराष्ट्रातले इतर बहुसंख्य सुन्नी हनफी. सुन्नींच्या चार इमामांच्या नावाने चालणाऱ्या चार धर्मशास्त्रीय परंपरांपैकी या दोन. रुकूला (नमाजेत वाकण्याच्या स्थितीला) जाताना आणि रुकूतून उठताना शाफिई हात उचलतात, हनफी उचलत नाहीत. शाफिई फजरच्या (पहाटेच्या) नमाजेत कुनूत ही दुआ पढतात, हनफी पढत नाहीत. असरची वेळही दोघांची वेगळी धरली जाते. पूर्वी हा फरक मुलाला मुंबईला कामाला गेल्यावर कळायचा. आता तो त्याला तेराव्या वर्षी अशा व्हिडिओतून कळतो, ज्यात सांगणारा तावातावाने दुसऱ्या पद्धतीची नमाज होतच नाही असे म्हणत असतो. आमच्याकडचा एक मुलगा असा व्हिडिओ पाहून आपल्या आजोबांची साठ वर्षांची नमाज बातिल (रद्द) असल्याचे त्यांनाच सांगून आला होता.

या विषयासाठी एक पूर्ण रविवार राखून ठेवावा. चारही इमामांची नावे, ते कोठे आणि केव्हा होऊन गेले, शाफिई हे मालिक यांचे शिष्य असूनही त्यांच्यापासून वेगळे मत कसे देऊ शकले, आणि तरीही एकमेकांविषयी आदर कसा राखला गेला, हे सांगावे. नंतर शाफिई पद्धतीने आणि हनफी पद्धतीने दोन रकाती शेजारी शेजारी पढून दाखवाव्यात. देवबंदी, बरेलवी, अहले हदीस हे वाद मात्र वर्गात निकालात काढण्याचा मोह टाळावा. गावात ज्या मसलकाची (उपपंथाची) मशीद आहे तिची पद्धत शिकवावी आणि दुसरीकडे वेगळे का आढळते ते न हिणवता सांगावे. ज्या वर्गात दुसऱ्या मसलकाची टिंगल होते तेथे मुलांना दीन येवो न येवो, टिंगल नक्की येते.

उठसूट दुसऱ्यांच्या वागण्यातले हराम दाखवत फिरणारे, ‘हराम पोलीस’ म्हणून समाजमाध्यमांवर ज्यांची थट्टा होते, तेही याच वयातून तयार होतात. वर्गातल्या मुलीच्या फोटोखाली ‘अस्तगफिरुल्लाह’ (अल्लाह माफ करो) लिहिणाऱ्या मुलाला ती नसीहत (सदुपदेश) वाटत असते. एकमेकांची थट्टा करू नका, वाईट नावे ठेवू नका, दुसऱ्याच्या मागावर राहू नका, पाठीमागे निंदा करू नका, या सूरह हुजुरातमधल्या आज्ञा (49:11–12) कमेंट लिहिणाऱ्यालाही लागू आहेत, हे उदाहरणासह दाखवून द्यावे.

शेजार, सण आणि स्टेटस

कोकणात गणपतीच्या दिवसांत या मुलांची खरी कसोटी लागते. वर्गमित्राने घरी बोलावलेले असते आणि आदल्या रात्री पाहिलेल्या व्हिडिओत शुभेच्छा देणेसुद्धा शिर्क (अल्लाहच्या जोडीला दुसरा देव मानणे) असल्याचे सांगितलेले असते. मुलाला येथे तयार फतवा फेकून मारू नये. इबादत एक आणि शेजारधर्म दुसरा, हा भेद त्याला आधी समजावा. जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत आणि ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढले नाही, त्यांच्याशी भलाईने आणि न्यायाने वागण्यास अल्लाह मनाई करत नाही, ही सूरह मुम्तहिनाची आयत (60:8) त्याच्यासमोर ठेवावी. सणाच्या शुभेच्छा, प्रसाद यांबाबत उलमांची मते एकसारखी नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगून घरच्या मोठ्यांशी बोलायला लावावे. मग तोंडी सराव घ्यावा: ‘आरतीला उभा राहणार नाही, पण माटवी (गणपतीवरची फळापानांची आरास) बांधायला सकाळीच येतो’ हे वाक्य मित्राला न अवघडता म्हणता आले पाहिजे. आपल्या बापजाद्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. व्हिडिओ बनवणाऱ्याने माटवी पाहिलेली नसते.

याच मुलाला दुसऱ्या दिवशी कमेंटमध्ये ‘पाकिस्तानात जा’ असे कोणी लिहिते. त्याला उत्तर द्यायला त्याच्याजवळ संयमाबरोबर स्वतःची माहितीही हवी. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारणारे बार्शीचे शाहीर अमर शेख, रायगड जिल्ह्यातल्या आंबेतहून मुख्यमंत्रिपदापर्यंत गेलेले बॅ. अंतुले, सोलापुरात 1990 मध्ये भरलेले पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन, हे त्याला ठाऊक असावे. त्याहून उपयोगी काम म्हणजे मुलांना आजी-आजोबांच्या मुलाखती मोबाइलवर चित्रित करायला सांगणे. मुंबईहून हजला जाणाऱ्या बोटी 1995 पर्यंत चालू होत्या. त्या बोटीने गेलेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत. बोटीत काय शिजवले, कोण आजारी पडले, परत येताना काय आणले, हे नातवाने विचारले की आजी तासभर बोलते, आणि ज्या फोनवर तो दुसऱ्यांचे व्हिडिओ बघत होता त्यावर स्वतःचा व्हिडिओ तयार होतो.

स्टेटसच्या बाबतीत मात्र स्पष्ट आणि कडक बोलावे. जून 2023 मध्ये कोल्हापुरात काही तरुणांच्या स्टेटसवरून शहर बंद झाले आणि दगडफेक झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरील मजकुरावरून उसळलेल्या हिंसाचारात मशिदीत असलेल्या एका तरुणाचा जीव गेला. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठेचून मारले, तेव्हा मेलेले कोण आणि मारणारे कोण याचा आपल्या धर्माशी संबंध नव्हता, पण फॉरवर्डचा मात्र होता. कोणत्याही धर्माच्या भावना हेतुपुरस्सर दुखावणारा मजकूर टाकल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, हे मुलांना आकड्यासह सांगावे. आपल्याविरुद्ध असा मजकूर आल्यास उलट उत्तर देऊ नये, स्क्रीनशॉट आणि दुवा जपून ठेवावा, तक्रार नोंदवावी आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगावे. खात्याला दुहेरी पडताळणी लावण्याचे काम वर्गातच सर्वांकडून करून घ्यावे, कारण आपल्या नावाने दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराचे परिणामही आधी आपल्यालाच भोगावे लागतात.

मुलींसाठी वेगळे काही

जुलै 2021 मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि 1 जानेवारी 2022 रोजी ‘बुल्ली बाई’ या नावांनी मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांच्या नकळत उचलून त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने गुन्हा नोंदवून अटका केल्या. ही घटना मुलींना सांगावी, परंतु ‘म्हणून फोटो टाकू नका’ असा तिचा शेवट करू नये. दोष फोटो टाकणारीचा नसून चोरणाऱ्याचा आहे, असे वर्गात मुलांसमोर मोठ्याने म्हणावे. घरी कळले तर फोन काढून घेतील आणि शाळाही सुटेल, या भीतीने मुली धमक्या सोसत राहतात. म्हणून तक्रार करणाऱ्या मुलीचे शिक्षण थांबणार नाही, असा शब्द आईवडिलांकडून पालकसभेत घ्यावा. सायबर गुन्ह्यांसाठीचा 1930 हा क्रमांक मुलींच्या वहीत असावा.

हिजाबचा प्रश्न हमखास निघतो. तेथे आपांनी मसला सांगावा, आणि कायद्याची स्थितीही सांगावी: मुंबईतील एका महाविद्यालयाच्या हिजाब-टोपीबंदीच्या परिपत्रकाला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये अंशतः स्थगिती दिली. हिजाब घेणारी आणि न घेणारी, दोघी एकाच चटईवर बसतील, एवढे मात्र वर्गाने पाहावे.

बंद ग्रुपचा धोका

मे 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण जियारतच्या (पवित्र स्थळांच्या दर्शनाच्या) निमित्ताने इराकला गेले आणि तेथून इस्लामिक स्टेटच्या दिशेने निघून गेले. घरच्यांना ते गेल्यावर कळले. या घटनेनंतर दाढी वाढवणाऱ्या प्रत्येक मुलाकडे घरातली माणसेसुद्धा संशयाने पाहू लागली, आणि ते साफ चुकीचे आहे. मुलगा नमाजी झाला, मुलीने बुरखा घेतला, ही धोक्याची चिन्हे नव्हेत. धोका ओळखायचा तो गुप्ततेवरून: उघड पानावरून मुलाला टेलिग्रामच्या बंद ग्रुपवर नेले जाते, ‘तुमच्या इमामाला हे कळत नाही, त्याला विचारू नको’ असे सांगितले जाते, आईवडिलांसह सर्वांना काफिर ठरवले जाते, आणि पैसे किंवा फोटो मागितले जातात. जो दीन शिकवणारा आपले नाव, गाव आणि उस्ताद सांगत नाही त्याची सनदच नाही, हे मुलांना आधीच्या सरावामुळे पटकन कळते. असे काही आढळल्यास मुलाला दरडावू नये, ग्रुपमध्ये शिरून स्वतः वाद घालू नये. पालक, आलिम आणि गरज पडल्यास वकील यांच्याशी लगेच बोलावे.

घरी काय करावे

अनेक घरांत वडील कुवेत, दम्माम किंवा दुबईत असतात आणि शिस्तीचा कारभार व्हिडिओ कॉलवरून चालतो. त्यांना दर महिन्याला वर्गात काय शिकवले ते दोन मिनिटांच्या आवाजी संदेशातून कळवावे आणि ‘अभ्यास केलास का’ याऐवजी ‘या आठवड्यात कोणती चिठ्ठी निघाली’ असे मुलाला विचारायला सांगावे. इन्स्टाग्रामने अल्पवयीनांसाठी खासगी आणि रात्री सूचना बंद ठेवणारी खाती आणली आहेत, मात्र मुलाने जन्मसाल खोटे टाकले असेल तर त्यांचा उपयोग नाही. ते साल मुलासोबत बसून दुरुस्त करावे. फोन चोरून तपासू नये. रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन, वडीलधाऱ्यांचेही, एकाच जागी चार्जिंगला लागतील, एवढा उघड नियम पुरतो. आईचा फोन उशाशी आणि मुलाचा कपाटात, असे केले की नियम आठवडाभरही टिकत नाही.

दहावीच्या वर्षी हजेरी घटते. त्या मुलांना ताण न देता फक्त पेटीपुरते जोडून ठेवावे. त्यासाठी दुसरी एक पेटी मशिदीत चपलांच्या कपाटाशेजारी, हातपाय धुण्याच्या वाटेवर खिळ्याने ठोकून ठेवावी आणि तशीच एक आपांच्या घराच्या ओटीवर. कुलूप लावावे, किल्ल्या दोघांकडे असाव्यात आणि दर शुक्रवारी ती उघडावी. आमच्या पेटीत पहिले तीन आठवडे फक्त चॉकलेटचे कागद निघाले. चौथ्या आठवड्यात त्यांतल्याच एका कागदाच्या मागे पेन्सिलने प्रश्न लिहिलेला होता.